मिसिसिपी जॉन हर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गिटार शिकवतो. शनिवारी-रविवारी सहा-सात मुलं घरी येतात. पहिले दोन महिने सगळ्यांना हिंदी सिनेमातली गाणी हवी असतात, तिसऱ्या महिन्यात मी गुपचूप जॉन हर्ट लावतो आणि मग प्रश्न सुरू होतात. मुलांचे, त्यांच्या आईबाबांचे, कधी शेजारच्या काकांचेही. तीच ती उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून इथे एकदाची लिहून ठेवतो.

मुळात हा जॉन हर्ट कोण?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला एक काळा शेतमजूर. गिटार अप्रतिम वाजवायचा आणि गायचा इतक्या हळू की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय की काय असं वाटावं. पूर्ण नाव जॉन स्मिथ हर्ट. जन्म कॅरोल काउंटीतल्या टिओक नावाच्या वस्तीत, १८९२ किंवा १८९३ सालचा. कागदोपत्री एकवाक्यता नाही. वाढला जवळच्याच ॲव्हलॉन गावात. २ नोव्हेंबर १९६६ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेला, तोही तिथून फार लांब नाही, ग्रेनाडा गावी.

एवढ्या आयुष्यात त्याची रेकॉर्डिंगं झाली ती दोनदाच. आधी १९२८ साली, तीन दिवस. मग १९६३ ते १९६६, जेमतेम साडेतीन वर्षं. मधल्या काळात एकही तबकडी नाही. लोकांचे निम्मे प्रश्न या मधल्या काळाबद्दलच असतात.

म्हणजे तो सिनेमातला जॉन हर्ट?

नाही. तो इंग्लंडचा नट. दोघांचा काहीही संबंध नाही. इंटरनेटवर शोधताना 'मिसिसिपी' जोडा, नाहीतर नुसते सिनेमाचे फोटो येतील.

नावाआधी 'मिसिसिपी' का?

कंपनीने चिकटवलं. १९२८ साली रेकॉर्ड कंपन्यांना गावरान वाटणारी नावं हवी असायची, खपायला बरी. ॲव्हलॉनमध्ये त्याला कुणी मिसिसिपी म्हणत नव्हतं. सगळं गावच मिसिसिपीत, मग म्हणणार कशाला?

तुम्ही त्याला 'तो' का म्हणता? आजोबांच्या वयाचा माणूस आहे.

आवडत्या गवयाला आपण एकेरीतच बोलावतो. त्यात अनादर नाही, उलट जवळीक आहे. प्रत्यक्ष भेटला असता तर अर्थातच 'अहो' म्हटलं असतं.

गिटार शिकला कुणाकडे?

कुणाकडेच नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढे शेतावर काम. घरी विल्यम हेन्री कार्सन नावाचे एक ओळखीचे गृहस्थ यायचे, त्यांच्याजवळ गिटार होती. पोराने तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. ते झोपले की जॉन गिटार काढायचा आणि हळू आवाजात वाजवून बघायचा. मला नेहमी वाटतं, त्याच्या वाजवण्यातला तो दबका गोडवा इथून आला असावा. झोपलेला माणूस जागा होऊ नये म्हणून वाजवलेली गिटार. हा माझा तर्क झाला, पुरावा मागू नका.

तो नऊ वर्षांचा असताना आईने त्याला दीड डॉलरची जुनी गिटार घेऊन दिली. तिचं नाव 'ब्लॅक ॲनी'. कसा शिकलास असं पुढे लोक विचारत, तेव्हा तो सांगायचा त्याचा मथितार्थ असा, की गिटारचा आवाज मला जसा असावा असं वाटलं तसा काढत गेलो. आसपास शिकवणारा नव्हता, रेडिओ नव्हता, ऐकायला तबकड्या नव्हत्या. त्यामुळे त्याची शैली कुणाचीच नक्कल नाही. गंमत म्हणजे नंतर हजारो लोकांनी त्याची नक्कल केली.

पोट कशावर भरायचा?

शेतीवर. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या रानात वाट्याने कसायचं. आपल्याकडे अर्धलीने किंवा बटईने म्हणतात तसंच काहीसं, फक्त तिथे हिशेबाची वही गोऱ्या मालकाकडे आणि वर्षाअखेरी मजुराच्या अंगावर कर्ज ठरलेलं. कापूस, मका, गुरं. मध्ये थोडे दिवस रेल्वेच्या कामावर होता. तिथे रूळ सरकवणाऱ्या टोळीला ताल धरून हाकारा देणारा एक गडी असायचा, त्याच्याकडून त्याने जॉन हेन्री या दंतकथेतल्या रेल्वेमजुराच्या हातोड्याचं गाणं उचललं. तेच पुढे 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' झालं. मंदीच्या काळात सरकारने काढलेल्या रोजगाराच्या कामांवरही तो होता.

शनिवारी रात्री मात्र नाच. गावातल्या घराघरांत, अंगणात लोक जमायचे, हा गिटार घेऊन बसायचा. काळ्यांच्या घरी वाजवायचा आणि गोऱ्यांच्याही. विली नारमूर नावाचा एक गोरा फिडलवादक होता (फिडल म्हणजे गावाकडचं व्हायोलिन). त्याचा नेहमीचा जोडीदार शेल स्मिथ आला नाही की तो हर्टला बोलवायचा. कायद्याने आणि रिवाजाने सगळं वेगळं असलेल्या त्या मुलखात नाचाचा ठेका मात्र दोघे मिळून धरायचे. याचा अर्थ तिथे सगळं आलबेल होतं असा कुणी काढू नये. नाच संपला की दोघांच्या वाटा वेगळ्या.

मग रेकॉर्ड कंपनीपर्यंत कसा पोहोचला?

नारमूरमुळेच. फिडलची एक स्पर्धा जिंकून नारमूरला ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीकडे रेकॉर्ड करण्याची संधी मिळाली. कंपनीचा टॉमी रॉकवेल तिकडे आला, तेव्हा नारमूरने सांगितलं की आमच्याकडे आणखी एक जण आहे, त्याला ऐका. रॉकवेल हर्टच्या घरी गेला, थोडं ऐकलं आणि मेम्फिसला बोलावलं.

१४ फेब्रुवारी १९२८, मेम्फिस. हर्टने नंतर तिथलं वर्णन केलंय ते असं: भलामोठा हॉल, आत माणसं तीनच. तो, रॉकवेल आणि यंत्रावरचा इंजिनियर. त्याला खुर्चीवर बसवलं, माइक अगदी तोंडाजवळ आणला आणि जागा बरोबर सापडल्यावर ताकीद दिली की आता मान हलवायची नाही. तो घाबरला होता, आणि पुढे बरेच दिवस मान अवघडून दुखत होती. हे वाचल्यापासून तिथे रेकॉर्ड झालेलं 'फ्रँकी' ऐकताना माझं लक्ष त्या मानेकडे जातं. मान ताठ धरलेला माणूस आणि बोटं अशी मोकळी! त्या काळात चूक पुसता यायची नाही, तुकडे जोडता यायचे नाहीत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. घाबरलेल्या शेतकऱ्याने त्यात जे वाजवलं ते आजही शिकवणाऱ्यांना घाम फोडतं.

मेम्फिसमध्ये आठ गाणी झाली, बाहेर आली दोनच. ती बरी चालली असावीत, कारण वर्षअखेरीला कंपनीने त्याला न्यूयॉर्कला बोलावलं, गाण्यामागे वीस डॉलर आणि प्रवासखर्च. २१ आणि २८ डिसेंबर असे दोन दिवस तिथे रेकॉर्डिंग झालं. लॉनी जॉन्सनसारखा त्या काळचा नावाजलेला गिटारवादक त्याला तिथे भेटला. पण एवढ्या मोठ्या शहरात ऐन डिसेंबरात या माणसाला घरची आठवण येऊ लागली. तीच त्याने गाण्यात घातली, आणि गाण्यात गावाचं नाव घेतलं. या 'ॲव्हलॉन ब्लूज'वर पुढे सगळी कहाणी अडकलीय.

गाणी गाजली का?

नाही. दोन्ही खेपा मिळून बारा गाणी बाजारात आली, म्हणजे सहा तबकड्या. पाठोपाठ १९२९ ची मंदी. शेतमजुरांच्या हातात पैसा नाही, मग तबकड्या कोण घेणार? कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. हर्ट परत शेतावर.

आणि मग पस्तीस वर्षं तो गायब कुठे होता?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी मी जरा चिडतो. गायब कुठेच नव्हता. तो ॲव्हलॉनमध्येच होता. बायको जेसी, मुलं, नातवंडं, गुरं, कापूस. गाव त्याला ओळखत होतं, दुकानदार ओळखत होता, पोस्टमन ओळखत होता. 'हरवलेला कलावंत' ही शहरातल्या संग्राहकांची भाषा. त्यांच्या कपाटात त्याची तबकडी होती आणि पत्ता नव्हता, म्हणून तो हरवला. पत्ता तर त्याने गाण्यातच सांगितला होता.

त्या काळातल्या त्याच्या मनाबद्दल मला एक छोटी गोष्ट बोलकी वाटते. १९२९ च्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातल्या रिचलँड्स गावच्या डब्ल्यू. ई. मायर नावाच्या गृहस्थांनी त्याला काही कविता पाठवल्या, चाली लावा म्हणून. मायरना रेकॉर्ड काढायची हौस होती. त्या गाण्यांचं तेव्हा काहीही झालं नाही. पण हर्टने ती ठेवली, चाली लावल्या, गुणगुणत राहिला. तीन दशकांनी लोक आले तेव्हा 'रिचलँड वुमन ब्लूज' तयारच होतं. कुणी रेकॉर्ड करत नाही म्हणून गाणं थांबत नसतं.

सापडला कसा, ते सांगा ना.

बरं, 'सापडला' म्हणू. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या अवलिया संग्राहकाने जुन्या तबकड्यांमधली ८४ गाणी निवडून सहा एलपींचा संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती, 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'. शहरांमधली कॉलेजची पोरं हा संच पारायणासारखी ऐकत होती. सगळ्यांनी धरून चाललेलं की हे लोक कधीच वारले असणार.

वॉशिंग्टनमध्ये डिक स्पॉट्सवुड आणि टॉम हॉस्किन्स हे दोन जुन्या ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लोकसंगीताचे वेडे. त्यांच्या हाती 'ॲव्हलॉन ब्लूज' लागलं. गाणारा म्हणतोय ॲव्हलॉन माझं गाव. नकाशे काढले तर मिसिसिपीत ॲव्हलॉन सापडेना. शेवटी १८७८ सालच्या जुन्या ॲटलासमध्ये ते मिळालं, ग्रीनवुड आणि ग्रेनाडा यांच्या मधोमध एक ठिपका.

१९६३ च्या मार्चमध्ये हॉस्किन्स गाडीने तिथे गेला. गाव म्हणजे एक दुकान. त्याने विचारलं, जॉन हर्ट नावाचा गाणारा कधी इथे राहायचा का? त्याला अपेक्षा असेल एखाद्या थडग्याची किंवा दूरच्या नातेवाइकाची. दुकानात उत्तर मिळालं ते साधारण असं, की या रस्त्याने मैलभर जा, टेकडीवर तिसरी पत्रपेटी.

मला यातली पत्रपेटी आवडते. पस्तीस वर्षं 'गायब' असलेल्या माणसाच्या दारात पत्रपेटी होती.

त्याला आनंद झाला असेल ना?

आधी भीती वाटली. आपण काही वाईट केलं नाही, तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात, असंच तो पहिल्यांदा म्हणाला. त्याला वाटलं हा पोलिसांचा किंवा एफबीआयचा माणूस. वॉशिंग्टनला चला म्हटल्यावर त्याने विचार केला की आपण होऊन गेलेलं बरं, नाहीतर नेतीलच. हे तो पुढे हसत सांगायचा आणि ऐकणारेही हसायचे.

पण जरा तारीख आणि जागा बघा. मार्च १९६३, ग्रीनवुडपासून थोड्याच मैलांवर. त्याच महिन्यांत ग्रीनवुडमध्ये काळ्या लोकांची मतदार नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांची आणि गोऱ्या सत्तेची उघड झुंज चालू होती. २८ फेब्रुवारीला गावाबाहेर जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आठ वर्षांपूर्वी एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला ज्या मनी गावाजवळून उचलून नेऊन मारलं, तेही याच परिसरात. अशा दिवसांत अनोळखी गोरा माणूस काळ्याच्या दारात उभा राहून 'तुम्हीच ना जॉन हर्ट?' म्हणतो. घाबरणार नाही तर काय करणार? ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं.

त्या वेळी हर्टकडे स्वतःची गिटार नव्हती. हॉस्किन्सने आणलेली पुढे केली. बोटं जड झाली होती, पण अंगठा तसाच होता.

पुढे काय झालं?

फार वेगात फार काही झालं. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो तरुण मुलांसमोर बसला, डोक्यावर तपकिरी हॅट, मांडीवर उसनी गिटार. त्याच महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याची कितीतरी गाणी ध्वनिमुद्रित झाली. तो कुटुंबासह वॉशिंग्टनला राहायला गेला, तिथल्या ऑन्टारिओ प्लेस नावाच्या कॉफीहाउसमध्ये वाजवू लागला. कॉलेजं, महोत्सव, जॉनी कार्सनचा टीव्ही कार्यक्रम, 'टाइम' साप्ताहिकात मजकूर. नव्याने रेकॉर्ड निघाल्या, आधी पीडमाँट या छोट्या कंपनीच्या, नंतर व्हॅनगार्डच्या.

इतर म्हातारे ब्लूज गवईही या सुमारास 'सापडले': बुका व्हाइट, सन हाउस, स्किप जेम्स. यांच्यातल्या काहींच्या आवाजाला वयाने चरे पडले होते. हर्टचं वेगळं झालं. १९२८ च्या तबकड्या आणि १९६३ ची टेप लागोपाठ लावून बघा. आवाज थोडा खाली उतरलाय, लय किंचित सैल झालीय, बाकी तोच माणूस. तरुणपणीच तो म्हाताऱ्यासारखा शांत गायचा, त्यामुळे म्हातारपणी बदलायला फारसं काही उरलं नव्हतं.

पैसे तरी मिळाले का?

शेतमजुरीपेक्षा पुष्कळ जास्त. पण ज्यांनी त्याला पुढे आणलं, त्यांच्या कंपनीने करार करून कमाईत आपला मोठा वाटा ठेवला होता. हर्ट गेल्यानंतर या करारावरून आणि रेकॉर्डच्या हक्कांवरून कोर्टकज्जे झाले, लांबले. हॉस्किन्स वगैरे मंडळींना मी खलनायक करणार नाही. ते गेले नसते तर आपल्याला ती पुढची गाणी मिळाली नसती. पण चौथी शिकलेल्या सत्तरीच्या माणसासमोर कायद्याच्या भाषेतला कागद ठेवला आणि त्याने सही केली, यात बरोबरीचं काही नव्हतं हेही तितकंच खरं.

१९६६ पर्यंत तो शहराला कंटाळून मिसिसिपीला परतला होता. शेवटची रेकॉर्डिंगं त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये झाली, ती 'लास्ट सेशन्स' नावाने १९७२ मध्ये आली.

ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं ना? हा तर चक्क खुशीत वाटतो.

बरोबर पकडलंत. ब्लूजबद्दल आपल्याकडे दोन समजुती: एक, ते रडगाणं असतं; दोन, ते बारा बारचं, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा घरांचं असतं. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. हर्टची बरीच गाणी या साच्यात बसतच नाहीत. त्याच्याकडे खुनाच्या कथा सांगणारे पोवाड्यासारखे बॅलड आहेत, चर्चमधली भजनं आहेत, नाचाच्या चाली आहेत, रॅगटाइम, म्हणजे पियानोवरून आलेलं उडत्या ठेक्याचं संगीत आहे आणि त्यात काही ब्लूजही आहेत. अशा सगळं गाणाऱ्याला तिकडे 'साँगस्टर' म्हणत. ही परंपरा ब्लूजच्याही थोडी आधीची. ब्लूज घडत होता तेव्हा आजूबाजूला काय काय वाजत होतं, ते या एका माणसात ऐकू येतं.

भूगोलही मदतीला आहे. मिसिसिपी डेल्टा म्हणजे सपाट काळ्या मातीचा कापसाचा पट्टा. चार्ली पॅटन, सन हाउस यांचा खरखरीत, ठणकावून गायलेला ब्लूज तिथला. ॲव्हलॉन त्या पट्ट्याच्या काठावर आहे, जिथे टेकड्या सुरू होतात. हर्टचं गाणं टेकडीवरचं आहे असं मी मुलांना सांगतो.

आणि दुःखाचं म्हणाल तर 'लुई कॉलिन्स' ऐका. एका माणसाला गोळ्या घालून मारलंय, आई रडतेय, देवदूत त्याला निजवताहेत. चाल मात्र पाळणा म्हणावा अशी. पहिल्यांदा ऐकलं की गोड वाटतं. शब्द कळल्यावर पुन्हा ऐका.

मुंबईत दरवर्षी ब्लूज फेस्टिव्हल असतो, तिथे वाजतं ते हेच का?

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, बडी गाय या ब्लूज गिटारवादकासारखे दिग्गज तिथे येऊन गेले. पण तिथे कानावर येतो तो मुख्यतः शिकागोच्या वळणाचा विजेवरचा ब्लूज: ड्रम, बेस, अँप. दक्षिणेतले शेतमजूर कामासाठी उत्तरेकडच्या शहरांत गेले तेव्हा गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. हर्टचं संगीत त्याआधीच्या पायरीवरचं. एक माणूस, एक गिटार आणि ऐकणारे पाच-पंचवीस.

त्यानेही चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला होता का?

ती दंतकथा रॉबर्ट जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गवयाची. हर्ट रविवारी चर्चमध्ये जाणारा माणूस. सैतान भेटला असता तर त्याने बहुतेक त्याला कॉफी विचारली असती.

'कँडी मॅन' हे लहान मुलांचं गाणं आहे का?

अजिबात नाही. बक्षीस समारंभात मुलीला गायला लावू नका. एका पालकांनी लावलं होतं. त्या गाण्यातल्या नऊ इंची कँडीच्या कांडीचा अर्थ मी नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितला. सत्तरीचा, हॅट घातलेला, मायाळू चेहऱ्याचा माणूस हे गाणं मिस्कील हसत गायचा आणि निम्म्या श्रोत्यांच्या लक्षातही यायचं नाही.

'लव्हिन स्पूनफुल' या बँडशी त्याचा काय संबंध?

नावाचा. हर्टचं 'कॉफी ब्लूज' नावाचं गाणं आहे, मॅक्सवेल हाउस कॉफीवरचं. त्यात 'लव्हिन स्पूनफुल' असा चमचाभर कॉफीचा लाडिक उल्लेख येतो, अर्थ अर्थातच कॉफीपुरता नाही. न्यूयॉर्कच्या जॉन सेबॅस्टियनच्या बँडने १९६५ मध्ये तेच नाव घेतलं.

त्याची गिटार कुठली? तीच घेतली तर तसा आवाज येईल का?

न्यूपोर्टच्या मंडळींनी त्याला नवी गिटार घेऊन द्यायचं ठरवलं, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात त्याने गिल्ड एफ-३० निवडली. दुकानात तिच्याहून महाग वाद्यं होती. त्याला ही हातात बरी वाटली, विषय संपला. तुमच्याकडे जी आहे ती काढा, नव्या तारा घाला. आवाज अंगठ्यात आहे.

मग तो अंगठा नेमका करतो काय?

आता आलात मुद्द्यावर. हर्टच्या उजव्या हाताची तीन बोटं वाजवतात: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली, खुंट रोवल्यासारखी. अंगठा खर्जाच्या तारांवर एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक असा अखंड चालतो. सी कॉर्ड धरला तर पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. चारही ठोक्यांवर. चालणाऱ्या माणसाची पावलं जशी पडतात तसा, ना घाई ना ढिलाई.

वरच्या दोन-तीन तारांवर दोन बोटं गाण्याची चाल वाजवतात. काही स्वर अंगठ्याच्या बरोबरीने, चिमटीत धरल्यासारखे. काही दोन ठोक्यांच्या नेमके मधे. गंमत त्या मधल्या स्वरांची. तिथे बोट पडलं की अंगठा बिचकतो, त्याच्यामागे धावतो आणि ठेका मोडतो. सगळ्यांचा मोडतो. माझा सहा महिने मोडत होता.

मी मुलांना सांगतो ते असं. पहिला आठवडा फक्त अंगठा. टीव्ही बघा, घरच्यांशी बोला, मोबाइलवरचे मेसेज मोठ्याने वाचा, अंगठा थांबता कामा नये. बोलता बोलता तो चालू राहिला की समजा तो तुमच्यापासून सुटला. मग एक बोट, एकच स्वर, आधी ठोक्यावर, दुसऱ्या दिवशी ठोक्यांच्या मधे. मग दुसरं बोट. आणि शेवटी गायचं, जे सगळ्यात अवघड, कारण गळ्याला चालीच्या बोटांबरोबर जायचं असतं आणि ठेका तर अंगठ्याकडे. हर्ट कधीकधी ओळीचा शेवट गातच नाही. ती गिटारला देऊन टाकतो. कानाला ती ओळ पुरी झाल्यासारखी वाटते.

टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेला कागद, बघून शिकू नका असं मी म्हणत नाही. पण टॅबमध्ये बोटं कुठे ठेवायची ते असतं, चाल नसते.

सुरुवात कुठल्या गाण्यापासून?

वाजवायला 'क्रिओल बेल'. संथ आहे, सी कॉर्डमधलं आहे, दोन महिन्यांत जमतं. त्यानंतर 'लुई कॉलिन्स'. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' जवळजवळ एकाच कॉर्डवर आहे म्हणून मुलं आधी तेच मागतात आणि फसतात. 'फ्रँकी'च्या वाट्याला वर्षभर जाऊ नका. ते ओपन जीमध्ये आहे, म्हणजे तारा वेगळ्या लावाव्या लागतात, शिवाय फार वेगात आहे.

ऐकायला आधी १९२८ ची गाणी, सगळी एका बैठकीत ऐकून होतात. मग १९६६ ची 'टुडे!'. रात्री जेवण झाल्यावर, आवाज कमी ठेवून. मोठ्याने लावलात तर त्यात काही ऐकू येणार नाही.

त्याचं घर, गाव बघता येतं का?

ॲव्हलॉनमधलं त्याचं छोटं लाकडी घर त्याच्या नातीने जपून संग्रहालय केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळून खाक झालं. कबर गावाजवळच्या झाडीत, टेकडीवर आहे. मी गेलेलो नाही, फोटोंत पाहिलंय.

तो वाजवताना कुठे बघायला मिळेल?

पीट सीगर या अमेरिकी लोकगायकाचा 'रेनबो क्वेस्ट' नावाचा टीव्ही कार्यक्रम होता, कृष्णधवल. त्याच्या एका भागात हर्ट आहे, यूट्यूबवर सापडतो. सीगर शेजारी बसून ऐकतोय, हर्ट 'लोनसम व्हॅली' गातोय. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त उजवा हात बघा. चेहरा इतका निवांत की हात दुसऱ्याच कुणाचा वाटावा, आणि टेकवलेली करंगळी शेवटपर्यंत जागची हलत नाही.